अर्ध्या पानांचा खांब

"घाला, हात आत घाला," शिडी धरून खाली उभे असलेले गेडनी म्हणाले. "गेल्या नाताळात माझी नुसती बोटं जात होती."

मी हात घातला. तो मनगटापर्यंत आत गेला. दगडांमधला जुना चुना पिठासारखा सुटून माझ्या बाहीत उतरला. कमानीचे दोन दगड एकमेकांपासून इतके लांब गेले होते, की फटीतून पलीकडच्या खिडकीचा उजेड दिसत होता.

"काय वाटतं, मिस पॉटनिस? वाचेल?"

माझं नाव कुंदा पोतनीस. गेडनींनी मला शेवटपर्यंत पॉटनिसच म्हटलं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. मिरजेत वाढलेली, सांगलीला शिकून इंजिनिअर झालेली, आणि इंग्लंडात लिंकन शहरातल्या एका छोट्या कंपनीत नुकती कुठे रुळलेली. जुन्या इमारतींची दुरुस्ती हे आमचं काम. माझे साहेब, मिस्टर एन्सली, पाठीच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात पडले होते, म्हणून हॉक्सबी गावचं चर्च बघायला मला एकटीला धाडलं होतं. एकटीने केलेलं माझं हे पहिलंच काम.

"आधी खाली येऊ द्या मला," मी म्हटलं.

हॉक्सबी म्हणजे चहूकडे बार्लीची शेतं आणि मध्ये मूठभर घरं. चर्च मात्र गावाच्या मानाने फारच मोठं. मध्ये उंच दालन, त्याच्या दोन्ही अंगांना ओवऱ्या, आणि दालन नि ओवरी यांच्यामध्ये खांबांवर तोललेली टोकदार कमानींची रांग. लहानपणी वडिलांच्या सायकलवरून मी खिद्रापूरचं देऊळ कितीदा पाहिलं होतं. तिथे दगड दगडावर निवांत बसलेला असतो, ओझं सरळ खाली उतरतं. इथे तसं नव्हतं. इथे कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्याला रेटत असतो, आणि त्या रेटारेटीवरच सगळं उभं असतं. एक खांब खचला, की त्याच्या दोन्ही बाजूंच्या कमानी अधांतरी.

उत्तरेकडच्या रांगेतला तिसरा खांब खचला होता. गेडनींनी मला त्याचा माथा दाखवला. दक्षिणेकडच्या सगळ्या खांबांच्या माथ्यांवर दगडात पानं कोरलेली होती. ओकची, द्राक्षाची, काटेरी झुडपांची. मधूनच एखादा पक्षी. उत्तरेला पहिल्या दोन खांबांवर तशीच पानं. तिसऱ्यावर फक्त अर्धी. एक पान तर देठापासून मध्यापर्यंतच कोरलेलं, आणि पुढे एकदम छिन्नीचे ओरखडे असलेला नुसता दगड. त्याच्या पुढचे खांब अगदी साधे.

"इथे तो मेला," गेडनी म्हणाले.

"कोण?"

"पानं कोरणारा. म्हणजे कुणी पाहिलंय म्हणा, पण आमच्याकडे असंच सांगतात. तेराशे एकोणपन्नासात प्लेग आला, निम्मं गाव गेलं. उरले त्यांनी जमेल तसं पुरं केलं."

हॅरॉल्ड गेडनी आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. सत्तरी ओलांडलेली, तरी ताठ. ते इथले चर्चवॉर्डन, म्हणजे देवळाच्या पंचांपैकी एक म्हणा ना. किल्ल्या त्यांच्याकडे. पण गेल्या हिवाळ्यापासून चर्च बंदच होतं. धर्मप्रांताच्या आर्किटेक्टनी शिफारस केली होती, की उत्तरेची ओवरी सगळी पाडावी, कमानी विटांनी बुजवाव्यात, आणि उरलेलं चर्च कधीतरी पुढे उघडावं. दुसरा काही उपाय असला तर तो आम्ही सुचवायचा होता.

"ओवरी पाडली तरी चर्च राहीलच की," मी म्हटलं.

"कधीतरी म्हणजे कधी? मला एवढा वेळ नाही हो."

"कसली घाई आहे?"

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "लग्न आहे."

"कुणाचं?"

"माझं," गेडनी म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले.

*

नवरीमुलगी कोण हे मला त्याच संध्याकाळी कळलं, कारण माझी राहायची सोय तिच्याच घरी केलेली होती. विनिफ्रेड ॲलम. मी त्यांना मनातल्या मनात ॲलमबाई म्हणायचे. गेडनींहून चार-पाच वर्षांनी लहान, बारीक अंगाच्या, चष्म्याआडून रोखून बघणाऱ्या. विशीत असल्यापासून त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. लग्न केलेलं नव्हतं, भाऊबहीण नव्हते. गेडनींची बायको वारून बरीच वर्षं झाली होती, आणि दर रविवारी ते बाईंकडे जेवायला येत.

एका रविवारी पुडिंग खाता खाता त्यांनी बाईंना मागणी घातली. बाई म्हणाल्या, "करीन, पण हॉक्सबीच्या चर्चमध्येच. दुसरीकडे कुठेही नाही." आणि चर्चला तर कुलूप. शेजारच्या गावातलं चर्च उघडं होतं, बसने दहा मिनिटांवर. गेडनींनी ते सुचवून पाहिलं. बाई नाही म्हणजे नाही.

हे सगळं मला पोस्टातल्या बाईंनी तिकीट चिकटवता चिकटवता सांगितलं. "तिला नाही म्हणवेना," त्या म्हणाल्या. "म्हणून अशी अट घातली. हॅरॉल्डला सोडून सगळ्या गावाला कळलंय."

मलाही ते पटलं होतं. बाई गेडनींशी बोलत तेही असं, की दारावर आलेल्या विक्रेत्याशी बोलावं. "बूट पूस." "एवढं बटर कशाला?" मी एकदा लेस्टरहून बेसन आणून पिठलं केलं. हिरवी मिरची मिळाली नाही म्हणून लाल तिखट घातलं, ते जरा जास्तच पडलं. गेडनींच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तरी ते "फारच छान, मिस पॉटनिस" म्हणत खात राहिले. बाईंनी त्यांच्यापुढे दुधाचा पेला आदळला. "मरशील. आणि मग म्हणशील विनिफ्रेडमुळे मेलो."

भांडी पुसताना मी हिय्या करून विचारलं, "तुम्हाला खरंच करायचंय का हे लग्न?"

"ती ताटली उलटी ठेवलीस तू," बाई म्हणाल्या.

*

पुढच्या आठवड्यात आम्ही खांबाच्या पायथ्याशी खणलं. आमच्याकडचा मुख्य गवंडी लेन कट्स. धिप्पाड, कमी बोलणारा. बाजूलाच शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी चर्च गरम ठेवण्याच्या नळांसाठी चर खणला होता. त्यातून पाणी झिरपून माती वाहून गेली होती. हे मी धरूनच चालले होते. पण शेजारच्या खांबाचा पाया पुरुषभर खोल, आणि या तिसऱ्याचा जेमतेम गुडघाभर. दगडगोटे टाकून त्यावर खांब उभा केलेला.

"एवढा उथळ का?" मी खड्ड्यातून वर बघत विचारलं. "इतकं सुंदर बांधणाऱ्या माणसांना पाया खणता येत नव्हता?"

व्हिकर, म्हणजे तिथले धर्मगुरू, रेव्हरंड टेट, गुडघ्यांवर हात टेकून आत बघत होते. कधी आवाज न चढवणारा माणूस.

"येत होता," ते म्हणाले. "पण त्या वर्षी, मिस पोतनीस, कुदळ धरू शकणारा प्रत्येक जण दुसरीकडे खणत होता. बाहेर. आपल्या माणसांसाठी."

लेनने टोपी काढली होती.

मी खड्ड्यात तशीच उभी राहिले. घरची निम्मी माणसं पुरून आलेले ते लोक. त्यांनी ओवरी सोडून दिली असती तर कोण विचारणार होतं? पण त्यांनी थकल्या हातांनी गुडघाभर का होईना खणलं, अर्धवट कोरलेला तो दगड वर चढवला आणि कमानी पुऱ्या केल्या. तोपर्यंत मला ते नुसतं काम होतं. त्या दिवसापासून ते चर्च माझं झालं.

मी गावातल्या फोनवरून एन्सलींना दवाखान्यात गाठलं. "सर, ओवरी पाडायला नको. दोन्ही कमानी खालून लाकडी सेंटरिंगवर तोलून धरायच्या, खांब उतरवायचा, नवा पाया घालून त्याच दगडांनी पुन्हा उभा करायचा."

"सेंटरिंग काढताना कमानी कोसळल्या तर?"

"कोसळणार नाहीत असं वाटतं."

"वाटतं की खात्री आहे?"

"तुम्ही असता तर काय केलं असतं?" मी विचारलं.

"मला विचारून काय उपयोग, मी छताकडे बघत पडलोय," ते म्हणाले. "खांब तू पाहिलायस. आराखड्यावर सही तू कर."

मी सही केली. धर्मप्रांताच्या सभेत दोन तास प्रश्नांना उत्तरं दिली. आर्किटेक्टनी तीन वेळा माझं वय विचारलं. शेवटी परवानगी मिळाली.

*

उन्हाळाभर काम चाललं. कमानीच्या आकाराच्या तात्पुरत्या लाकडी सांगाड्यांवर, म्हणजे सेंटरिंगवर, दोन कमानी तोलून धरल्या, खांब एकेक दगड करून उतरवला. पानांचा तो माथा लेनने बाकावर आणून ठेवला, तेव्हा गाव बघायला लोटला. इतकी वर्षं मान वर करून पाहिलेली गोष्ट हाताशी आली होती. म्हाताऱ्या बायका पानांवरून बोटं फिरवत होत्या.

"उरलेली अर्धी मी कोरू शकतो," लेन म्हणाला. "खाली आलाच आहे तर."

"कोर की!" गेडनी एकदम खुलले. "सहाशे वर्षं ताटकळलाय बिचारा."

"हात लावायचा नाही," ॲलमबाई मागून म्हणाल्या.

"अगं, पुरं होईल ते."

"त्याचा हात जिथे थांबला तिथे थांबलाय. तू कोण पुढे करणारा?"

"पुरं झालेलं बघायला तुला आवडत नाही का, विनिफ्रेड?"

"तुला सगळ्याचीच घाई," बाई म्हणाल्या आणि तरातरा निघून गेल्या. दोन रविवार गेडनी जेवायला आले नाहीत. बाई तरीही दोघांपुरते बटाटे उकडायच्या आणि ते मला खायला लागायचे. व्हिकरांनी निर्णय दिला, की दगड आहे तसाच चढवायचा. तिसऱ्या रविवारी गेडनी चकचकीत बूट घालून दारात उभे राहिले. बाई म्हणाल्या, "सूप गार झालंय," आणि बाजूला सरून त्यांना आत घेतलं. सूप चांगलं वाफाळत होतं.

मला मात्र वाईट वाटत होतं. चर्च उघडणार, अट पुरी होणार, आणि मग या भल्या माणसाला खरं उत्तर मिळणार. ते माझ्याच हातून घडणार होतं.

*

सेंटरिंग उतरवायचं ठरलं त्या सकाळी निम्मं गाव चर्चभोवतीच्या दफनभूमीच्या भिंतीवर येऊन बसलं होतं. आत कोणाला सोडलं नाही. गेडनी दारात.

सेंटरिंग पाचरींवर तोललेलं असतं. एकेक पाचर हलक्या हाताने ठोकून सैल करायची, मग थांबायचं, बघायचं. सांधलेल्या जुन्या भेगांवर मी काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. दगड जरा हलला तरी काच तडकते. खांबाशेजारी ओळंबा सोडला होता, त्याच्या टोकाखाली फरशीवर पेन्सिलीची फुली.

लेन आणि त्याचे दोघे गडी ठोकत गेले. पहिली फेरी झाली. काही नाही. दुसऱ्या फेरीत वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. कमानीच्या टोकाजवळची काच तडकून खाली पडली, आणि तिच्यामागून चुन्याची धार सुरू झाली.

"बाहेर!" मी ओरडले.

आम्ही सगळे दाराशी पळालो. लेन धापा टाकत म्हणाला, "पाचरी परत घट्ट करू का?"

मला त्याचीही भीती वाटत होती. बसू लागलेल्या कमानीला खालून ढोसणं म्हणजे तिला उलटी उचलणं. आणि तसंच सोडावं, तर ती बसतेय की पडतेय हे आत गेल्याशिवाय कळणार नव्हतं.

"मी बघून येते."

"मी येतो," लेन म्हणाला.

"नको. सही माझी आहे."

आत गेले. चुन्याची धार बारीक झाली होती. खांबाशी वाकून पाहिलं. ओळंब्याचं टोक फुलीवर होतं, जराही सरकलेलं नव्हतं. खांबाच्या माथ्याजवळच्या दोन्ही काचा शाबूत. म्हणजे पाया हलला नव्हता. कमान फक्त स्वतःचं ओझं स्वतः घेत होती, नव्या सांध्यांमध्ये बूड टेकत होती. तसं असेल तर चुना थांबायला हवा. मी कमानीखाली उभी राहून वाट बघत होते.

तेवढ्यात पलीकडे पावलं वाजली. वेदीकडच्या लहान दारातून ॲलमबाई आत आल्या आणि थेट ऑर्गनच्या बाकावर जाऊन बसल्या, माझ्याकडे पाठ करून.

"बाई! बाहेर जा!"

"इथवर काही येणार नाही," त्या मागे न बघता म्हणाल्या. "तू तुझं काम कर."

चुना थांबला. मी लेनला हाक मारली. तो गड्यांना घेऊन आला. तिसरी फेरी. चौथी. पाचरी सैल होऊन लटकू लागल्या, आणि सेंटरिंगचं लाकूड आणि कमानीचा दगड यांच्यामध्ये उजेडाची एक रेघ दिसली. लेनने खिशातून एक पोस्टकार्ड काढलं, ते फटीत घातलं आणि कमानीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत नेलं. कुठेही अडलं नाही.

"उभी आहे, मिस," तो म्हणाला. "स्वतःच्या पायावर."

गेडनी आत आले. माझा हात धरून ते नुसता वरखाली हलवत राहिले. बाहेर भिंतीवरच्या लोकांना बातमी कळली, टाळ्या ऐकू आल्या. ॲलमबाई मात्र अजून पाठ करूनच बसलेल्या. मला राग आला. मी तरातरा त्यांच्यापाशी गेले.

"झालं, बाई. निदान वळून बघा तरी."

"बघतेय," त्या म्हणाल्या.

तेव्हा मला दिसलं. ऑर्गनच्या वर, त्यांच्या डोळ्यांसमोर, हाताच्या पंजाएवढा एक आरसा लावलेला होता. त्यात सगळं दालन होतं. कमान, लेन, टोपी हातात धरून उभे गेडनी. सगळं बोटभर.

"वाजवणाऱ्याची पाठ असते सगळ्यांकडे," बाई म्हणाल्या. "नवरी दारात आली हे कळायला आरसा. ती तिथून निघाली की मी वाजवायला लागायचं. या गावातलं प्रत्येक लग्न मी यात बघितलंय. हॅरॉल्डचं पहिलंसुद्धा." त्यांनी चष्मा काढून पुसला. "एवढ्याशा चिमुकल्या नवऱ्या. मला वाटायचं, ती वाट समोरून कशी दिसत असेल? चालताना? दुसऱ्या गावातल्या चर्चमध्ये जाऊन मी काय करू? मला याच वाटेवरून यायचंय."

मी विचारलं, "गेडनींना का नाही सांगितलंत?"

"त्याने विचारलं कुठे? मी अट घातली, तो 'बरं' म्हणाला आणि शिडी आणायला गेला." त्या हसल्या. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच बघत होते. "तेव्हाच ठरवलं, या माणसाशी करायचं."

त्या उठल्या, दालनाच्या मधोमध चालत गेडनींपर्यंत गेल्या आणि त्यांच्या कोटावरचा चुना झटकू लागल्या. "हे काय करून घेतलंयस," त्या म्हणाल्या. "जा, टेटना तारीख विचारून ये."

*

लग्न सप्टेंबरात झालं. आदल्या आठवड्यात बाई मला म्हणाल्या, "नवरीला कुणीतरी हाताला धरून न्यावं लागतं. वडील, भाऊ, असं कोणी. माझं कोणी नाही. तू येशील?"

मी म्हटलं, आमच्याकडे याला कन्यादान म्हणतात आणि ते आईवडील करतात. माझं स्वतःचंच लग्न व्हायचंय.

"म्हणजे येतेस ना?"

आईने निघताना बॅगेत भरलेली हिरवी इरकली मी नेसले. बाई करड्या रेशमी पोशाखात, हातात बागेतले डेलिया. आम्ही दारात उभ्या राहिलो. शेजारच्या गावाहून आणलेले एक मास्तर ऑर्गनवर होते. त्यांनी आरशात आम्हाला पाहिलं आणि सुरुवात केली.

"घाई करतोय," बाई ओठ न हलवता पुटपुटल्या. पुढे दोन पावलांवर, "चुकला." आणि मग माझ्या दंडावरची त्यांची बोटं घट्ट झाली. दोन्हीकडे माणसं उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. पोस्टातल्या बाई रुमालात हुंदके देत होत्या. लांब, वेदीपाशी, गेडनी नवे बूट घालून उभे होते.

"हळू चाल," बाई मला म्हणाल्या. "इतकी घाई कसली आहे तुला?"

आम्ही हळू चाललो. पोहोचल्यावर रेव्हरंड टेटनी पुस्तकात बघून प्रश्न विचारला, की या स्त्रीला या पुरुषाच्या हाती कोण देतं आहे? उत्तर मी घरी दहादा घोकलं होतं. पण तोंडातून निघालं ते मराठीत.

"मी."

टेटनी पुस्तकावरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मान डोलावली, बाईंचा हात माझ्या हातातून घेतला आणि गेडनींच्या हातात ठेवला.